ळ कुठे पडतो

पहिल्या चित्रात काही नसतं.
म्हणजे असतं, पण बोळा केलेल्या कागदासारखं:
नऊशे ठिपके, एकमेकांत अडकलेल्या रेघा,
पडद्याच्या मधोमध गच्च.
इशबेल चहा ओतता ओतता म्हणते,
बाबांचं जाळं असंच यायचं घरी, वादळानंतर.
ती आर्ब्रोथची. तिच्या घरी प्रत्येकाची सुई वेगळी.

डंडीत डिसेंबरात साडेतीनला दिवे लागतात.
नदीवरचा पूल अर्धाच दिसतो,
उरलेला आहे असं धरून चालायचं.

यंत्राला आम्ही म्हाताऱ्यांचे आवाज ऐकवतोय.
ब्रॉटी फेरीच्या वृद्धाश्रमात तीन महिने बसून जमवलेले
आ, ऊ, ल, र,
आणि इथे 'मी' म्हणताना तोंडातून निसटतो तो आखूड ए.
मिसेस गेलॅटली, वय एक्क्याण्णव,
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागलेल्या.
माग कधीच भंगारात गेले,
बाई अजून त्यांच्या वरताण बोलतात.

नियम साधा.
एक आवाज येतो.
त्याच्या सगळ्यात जवळचा ठिपका जिंकतो
आणि आवाजाकडे एक पाऊल सरकतो.
सरकताना शेजाऱ्यांना ओढतो,
शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांना जरा कमी.
मेंदूतही असाच शेजार असतो म्हणे,
तिथे हाताच्या पलीकडच्या घरात चेहरा राहतो.

चित्र चाळीस: बोळा सैल.
चित्र दोनशे: एक कोपरा फुटतो, मग दुसरा,
तिसरा उलटा पडलाय, मध्ये पीळ.
इशबेल खुर्ची ओढून बसते. सोडव ना गं, म्हणते,
बोटं आपोआप हवेत चालायला लागलेली.
यात हात घालता येत नाही, मी सांगते.
चित्र नऊशे: पीळ नाही.
नेमका कधी सुटला ते मागे जाऊन एकेक चित्र पाहिलं.
सापडलं नाही.

मग पावलं लहान होत जातात,
तसं आम्हीच ठरवलेलं.
शेजारही आक्रसतो,
शेवटी जो तो आपल्यापुरता.
नऊ हजारावं चित्र आणि दहा हजारावं,
डोळ्यांना एकच.

फक्त एक ठिपका
ल च्या वस्तीत नाही, र च्या वस्तीत नाही,
दोन्हीकडच्या रेघांनी ताणलेला,
एकदाही न जिंकलेला.
आमच्या हिशोबात याला मेलेला म्हणतात.
मी त्याला राखाडी रंग दिला होता.

तुझं नाव सांग की त्याला, इशबेल म्हणाली.

काळसेकर.
सहा वर्षं मी इथे कालसेकर आहे,
बँकेत, दवाखान्यात, जिन्यात भेटणाऱ्या पोस्टमनला.
आता फोनवर मीही तेच सांगते, लवकर आटपतं.

माइक जवळ घेतला. नुसता ळ म्हटला,
जीभ मागे वळवून, टाळूवरून सोडून.
राखाडी ठिपका पेटला.
पुन्हा ळ. पुन्हा तोच.
केळं. डोळा. गूळ. काळ.
इशबेलनं टेबलावर थाप मारली, चहा सांडला.

पण तो जागचा हलला नाही.
शिकायचा वेग केव्हाच शून्याला टेकलेला.
त्यानं मला ओळखलं नव्हतं,
तो फक्त सगळ्यात जवळचा होता.
जवळ. त्यातही आहेच.

इशबेल खिडकीच्या काळ्या काचेत
आपली जीभ वळते का बघत होती:
काल, काड, कार्ल,
मग काहीतरी भलतंच, घोट अडकल्यासारखं,
आणि हसू.

मी आवाजांच्या यादीत खाली एक ओळ वाढवली,
वेग पुन्हा पहिल्या दिवसाचा केला.
पडद्यावर
बोळा.